चौकाचं मधलं बेट सोडा, कोपरे धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कर्वेनगरातल्या तुमच्या चौकाच्या सुशोभीकरणासाठी निधी मिळणार आहे. आराखड्यात मधल्या वाहतूक बेटावर कारंजं, एक शिल्प, भोवती स्टीलचं रेलिंग आणि रंगीत दिवे आहेत. चौकात पिंपळाचा पार आहे, अमृततुल्य आहे, रिक्षा स्टँड आहे, दोन भाजीवाल्या आणि एक इस्त्रीवाला आहे, गणपती मंडळ आहे. तरीही संध्याकाळी तिथं थांबावंसं वाटत नाही. याच पैशात चौक जिवंत आणि आसपासच्यांना राहण्याजोगा कसा होईल, असं तुम्ही विचारलंय.

सरळ सांगते. मधल्या बेटावरचा सगळा खर्च कोपऱ्यांकडे वळवायला सांगा. चौकाचा मध्य गाड्यांचा असतो. तिथं माणसानं पोचायला वाट नसते आणि असूही नये. रेलिंगच्या आतलं कारंजं गाडीवरून जाताना क्षणभर दिसतं, एवढंच. पुढे पंप बिघडतो, तो कोणत्या खात्यानं दुरुस्त करायचा हे ठरत नाही, साचलेल्या पाण्यात डास होतात आणि रेलिंगवर वाढदिवसांचे फ्लेक्स चढतात. माणसं असतात ती कोपऱ्यांवर: चहाच्या दुकानापुढे, पारावर, रिक्षाची वाट बघताना, रस्ता ओलांडायला थांबलेली. तिथली तीन-चार मीटर जागा वाढली, सावलीत आली आणि सुरक्षित झाली, तर चौक बदलतो.

पेठांमधले जुने चौक आठवा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी नळानं शहरात आणलं आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडलं. पाणी भरायला आलेली माणसं तिथं घटकाभर रेंगाळायची. देवळाची पायरी, वाड्याचा ओटा, झाडाचा पार या बसायच्या जागा. रोज येण्याचं काही कारण, टेकायला जागा आणि डोक्यावर सावली, एवढ्यावर ते चौक चालले. पुढे उपनगरांत प्लॉट पडले, सोसायट्यांनी कंपाउंडच्या भिंती घातल्या, रस्ते वाहनांच्या मापानं आखले गेले. कर्वेनगर, धनकवडी, बिबवेवाडीतल्या चौकांना यातलं जे काही मिळालं, ते ठरवून दिलेलं नव्हतं. तुमच्या वाट्याला पिंपळ आणि पार आलाय. आराखडा त्याच्यापासून सुरू व्हायला हवा, आणि सध्याच्या नकाशात पार दाखवलेलासुद्धा नाही असं तुम्ही लिहिलंय. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली.

कोणत्याही बैठकीला जाण्याआधी चौक नीट बघून घ्या. एक कामाचा दिवस आणि एक रविवार धरा. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, दर वेळी अर्धा तास पारावर बसून वहीत नोंद करा. किती जण नुसते निघून जातात, किती थांबतात, थांबलेले कुठे टेकतात, शाळेची मुलं नेमकी कुठून रस्ता ओलांडतात, कोणत्या वळणावर दुचाकी फूटपाथवर चढते. बायकांची संख्या वेगळी लिहा. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात शहरातल्या छोट्या मोकळ्या जागांचं कॅमेरे लावून निरीक्षण केलं. उत्तम चालणाऱ्या जागांमध्ये बायकांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त असतं, हे त्यांना दिसलं. पुण्यात मी तीच कसोटी वापरते, कारण बायका जागा पारखून थांबतात. अंधार, घाण किंवा टक लावून बघणारं टोळकं असेल, तर त्या सरळ पुढे जातात. तुमच्या वहीत रात्री नऊला बायकांचा आकडा शून्य आला, तर आराखड्याचं पहिलं काम तुम्हाला कळलं.

आता मुख्य काम, म्हणजे कोपऱ्यांची आखणी. आपल्या उपनगरांतल्या बऱ्याच चौकांत फूटपाथचा कोपरा मोठ्या गोलाईनं कापलेला असतो, दहा-बारा मीटर त्रिज्येचा. त्यामुळे डावीकडे वळणारी गाडी वेग कमीच करत नाही, आणि पायी माणसाला ओलांडायचं अंतर मात्र वाढतं, कारण गोलाईपाशी रस्ता फाकलेला असतो. ही त्रिज्या चार-पाच मीटरवर आणली की तीन गोष्टी एकदम होतात: वळणाऱ्या गाडीला वेग टाकावाच लागतो, झेब्रा पट्ट्यांची लांबी घटते, आणि कोपऱ्यावर जागा तयार होते. हीच जागा तुमचा नवा चौक. यावर आक्षेप येतो की बस आणि अग्निशमनाची गाडी कशी वळणार? फूटपाथच्या कडेची गोलाई आणि गाडी प्रत्यक्षात घेते ते वळण, यांत फरक असतो. कडेला पार्किंगची पट्टी असेल तर तेवढी जागा मिळते, आणि मोठ्या गाडीला क्वचित मधली रेघ ओलांडून वळू देता येतं. तरीही अडचण असेल तर कोपऱ्याचा बाहेरचा पट्टा खडबडीत दगडात, रस्त्यापेक्षा थोडासाच उंच करायचा. मोठी गाडी त्यावरून जाऊ शकते, रिक्षा आणि मोटार सहसा तिथं जात नाहीत. पीएमपीची बस ज्या बाजूला वळते तो कोपरा तेवढा वेगळा ठेवा, बाकीचे तीन आवळा.

डावीकडे जायची सतत मोकळी वाट असेल तर ती बंद करायला सांगा. निवासी भागातल्या चौकाला ती लागत नाही. ती वाट आणि तिच्या बाजूचं तिकोनी बेट कोपऱ्याला जोडलं, तर एखादी खोली मावेल एवढी जागा बाहेर येते. ओलांडायची जागा माणसं आज जिथून जातात तिथंच ठेवा. वळसा घालायला लावलं तर कुणी जात नाही, आणि रेलिंग लावून वळवलं तर मुलं त्यावरून उड्या मारतात. शक्य असेल तिथं झेब्रा फूटपाथच्या पातळीला उचलून घ्या. गाडीनं चढून उतरायचं आणि माणसानं सपाट जायचं. साठीच्या पुढच्या माणसाच्या गुडघ्यांना, ढकलगाडीला, व्हीलचेअरला त्याचा किती फरक पडतो, हे बघितलं की पुन्हा वेगळं काही करावंसं वाटत नाही.

फूटपाथसाठी भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ‘मोकळी’ म्हणजे त्यात झाड, खांब, महावितरणची विजेची पेटी किंवा बाकडं येता कामा नये. ही सगळी मंडळी रस्त्याकडच्या पट्ट्यात एका ओळीत घ्यायची. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही केली, आणि जंगली महाराज रस्त्यावर ती प्रत्यक्षात उतरलेली तुम्ही बघू शकता. तिथं एकदा मोजपट्टी घेऊन जा. बसायच्या जागा, झाडांभोवतीची मोकळीक, मुलांच्या खेळण्यांसाठी काढलेला कोपरा, सगळं चालण्याच्या वाटेच्या बाजूला आहे, वाटेत नाही. तुमचा रस्ता एवढा रुंद नसेल, पण तत्त्व तेच.

फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून खुंट लावा, असं कुणीतरी नक्की सुचवेल. त्याचा फार भरवसा धरू नका. व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली तर स्कूटरही जाते. दुचाकी आत येते ती बहुतेक सोसायटीच्या गेटपाशी उतरत्या केलेल्या फूटपाथवरून. म्हणून गेटपुढेही फूटपाथ सपाट आणि सलग ठेवा, चढायचं ते गाडीनं, लहानशा उतारावरून. आणि फूटपाथवर माणसं बसलेली, उभी असलेली असली की दुचाकीस्वार आपणहून रस्त्यावर राहतो. गर्दीचा हा उपाय मला कोणत्याही खांबापेक्षा खात्रीचा वाटतो.

बसायच्या जागेबद्दल मी थोडी हट्टी आहे. चकचकीत स्टीलची बाकडी एप्रिलमध्ये दुपारी दोनला हात लावता येणार नाही इतकी तापतात. ती भिंतीला पाठ लावून एका रांगेत मांडली की दोन अनोळखी माणसं दोन टोकांना बसतात आणि मधली जागा रिकामी राहते. आपल्याकडे गप्पा होतात त्या कट्ट्यावर. दगडी किंवा सिमेंटचा कट्टा जमिनीपासून साडेसोळा-सतरा इंच उंच, आणि दोन्ही बाजूंनी बसता येईल एवढा रुंद करा, म्हणजे पाऊण ते एक मीटर. तो सरळ नको, काटकोनात वळलेला हवा. माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात. ज्येष्ठांसाठी मात्र पाठ आणि हात असलेली चार लाकडी बाकडी वेगळी पाहिजेत, कारण हाताला आधार नसेल तर गुडघेदुखी असलेल्या माणसाला उठता येत नाही. बसणाऱ्याचं तोंड चौकाच्या हालचालीकडे असावं. कचऱ्याच्या डब्याकडे किंवा भिंतीकडे तोंड करून कुणी बसत नाही.

सावलीशिवाय हे सगळं मार्च ते मे पडून राहील. पिंपळाच्या मुळांभोवती काँक्रीट असेल तर ते फोडा. बुंध्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान एक मीटर माती उघडी हवी. पार पुन्हा बांधायचा झाला तर दगड कोरडे रचा, म्हणजे सांध्यांतून पाणी आत जाईल. नवीन झाडांत बकुळ, करंज, कडुनिंब, ताम्हण अशी इथल्या हवेची झाडं घ्या. गुलमोहर लवकर वाढतो, पण पावसाळी वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि खाली माणसं बसणार असतील तर मी तो लावत नाही. झाड लावताना पश्चिमेचा विचार करा. उन्हाळ्यात चार ते सहा या वेळेतलं तिरकं ऊन सगळ्यात जास्त त्रास देतं, आणि कट्ट्यावर माणसं यायची वेळही तीच.

भाजीवाल्या आणि इस्त्रीवाला यांना आराखड्यात जागा द्या. आधी हटवू आणि मग बघू, असं म्हणणाऱ्यांना ठामपणे विरोध करा. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधूनच यावे लागतात, आणि वर्षानुवर्षं जिथं बाजार भरतो त्या जागेचा विचार करावा लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चौकात हजर असणारी माणसं तीच. कुणाचं मूल हरवलं, कुणाला चक्कर आली, की आधी त्यांचं लक्ष जातं. दीड-दोन मीटरची फरसबंद जागा, वर छत, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची जाळी एवढं त्यांना पुरतं. नळ नसला की भाजी धुतलेलं पाणी फूटपाथवर येतं आणि तक्रार विक्रेत्याबद्दल होते.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. जिवंत चौक आणि राहण्याजोगा चौक यांत ताण असतो. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री झोप लागली पाहिजे. छोट्या निवासी चौकात खाद्यपदार्थांच्या दहा गाड्या आल्या की तेलाचा वास, कचरा, उभ्या-आडव्या दुचाकी आणि मध्यरात्रीपर्यंतचा गलका येतो. वर्षभरात रहिवासी चौकाच्या विरोधात जातात. त्यामुळे सारसबागेजवळ शोभणारी चौपाटी तुमच्याकडे आणू नका. एक चहा, भाजी, फुलं, इस्त्री, चपलांची दुरुस्ती, वर्तमानपत्रं ठेवलेलं मंडळाचं वाचनालय असे रोजच्या गरजेचे उद्योग ठेवा. त्यांना येणारं गिऱ्हाईक चालत येतं.

मंडळाला सुरुवातीपासून सोबत घ्या. पुण्यात चौकाचा खरा राखणदार अनेकदा मंडळच असतं. मांडवासाठी दरवर्षी फरशी फोडून खड्डे घेतले जातात, नंतर ते नीट बुजत नाहीत, आणि पुढच्या पावसात तिथली फरसबंदी खचते. यावर उपाय सोपा आहे: मांडवाचे खांब जिथं येतात तिथं लोखंडी खोबणी कायमची पुरून घ्या, वर सपाट झाकण. विजेचा एक मीटर आणि जोडणीची पेटी आधीच द्या. मंडपाचा नकाशा कार्यकर्त्यांकडून मागवा आणि कट्टे त्या जागेच्या बाहेर आखा. गणपतीत, नवरात्रात, शिवजयंतीला काय लागतं ते आधी कळलं तर उरलेले दिवस जागा तुमची. पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा नाना आणि भवानी पेठेतले चौक केवढा जनसागर सामावतात! थोडी जमीन मोकळी राहिली म्हणूनच ते होतं. तुमच्याकडेही सगळी जागा कुंड्या आणि शिल्पांनी भरून टाकू नका.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. उंच खांबावरचे दिवे रस्त्यासाठी असतात आणि झाडाच्या वर राहतात, म्हणून पारावर अंधार पडतो. चार-साडेचार मीटर उंचीचे, पिवळसर प्रकाशाचे, झाडाच्या खाली येतील असे दिवे फूटपाथकडे तोंड करून हवेत. रंगीत, सतत बदलणारे दिवे नकोत. त्यात माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. आणि स्वच्छतागृह चालत पाच मिनिटांच्या आत नसेल, तर बायका, रिक्षाचालक आणि विक्रेते दिवसभर कसे काढत असतील ते आधी बघा.

जमिनीखालचं काम मात्र सगळ्यात आधी. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, केबल यांच्यासाठी रस्त्याच्या आडवे दोन-तीन रिकामे पाइप टाकून ठेवा, नाहीतर फरसबंदी झाल्यावर कुणीतरी खोदणारच. गुळगुळीत ग्रॅनाइट जूनमध्ये घसरतं. खडबडीत केलेला दगड किंवा चांगल्या प्रतीचे ब्लॉक वापरा. पाणी निघून जायला दर पन्नास सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार पुरतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर घालताना जुना खरवडून काढायची अट घाला, कारण थरावर थर चढला की रस्ता फूटपाथच्या बरोबरीला येतो आणि पाणी दुकानात शिरतं.

खरा वाद पार्किंगवर होईल. दुकानदार म्हणतील, गाड्या लावायला जागा नसली तर गिऱ्हाईक येणार नाही. त्यांच्याशी भांडू नका, मोजून दाखवा. एका मोटारीला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते, तेवढ्यात दहा-बारा माणसं आरामात बसतात. तुमच्या वहीतून दाखवा की दुकानात येणाऱ्यांपैकी चालत किती आले. शिवाय कोपऱ्यापासून थोडं पुढे, दुकानांच्या बाजूच्या गल्लीत मालाच्या टेंपोसाठी सकाळची जागा राखून ठेवा. त्यांची खरी अडचण अनेकदा तीच असते.

आणि एकदम पक्कं बांधकाम करू नका. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली आधी रस्ता बंद केला, साध्या घडीच्या खुर्च्या मांडल्या, लोक कसे वापरतात ते बघितलं, आणि मग पुढच्या काळात कायमचं काम झालं. आपल्याकडे औंधमध्ये २०१६ साली डीपी रस्त्यावर अशीच तात्पुरती मांडणी करून बघितली होती, आणि लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिनी गाड्या बंद ठेवून रस्ता माणसांना देण्याचा प्रयोग २०२१ पासून होतोय. तुमच्या चौकासाठी वाहतूक शाखेच्या परवानगीनं दोन-तीन आठवडे कोपरे रंगानं आणि प्लास्टिकच्या शंकूंनी आवळा, मंडळाच्या खुर्च्या मांडा, मुलांकडून जमिनीवर चित्रं काढून घ्या. बस कुठे अडते, पाणी कुठे साचतं, कुठला कोपरा रिकामाच राहतो, सगळं उघड होईल. विरोध करणाऱ्यांपैकी काहींचं मत तिथं बसल्यावर बदलतं, हे मी वारंवार बघितलंय. बदललं नाही तरी त्यांची हरकत नेमकी काय आहे ते कळतं आणि रेषा हलवता येते. रंग पुसता येतो.

पैशाचा एक मार्ग तुमच्या हातात आहे. पुणे महापालिकेत नागरिकांच्या सूचनांवरून अंदाजपत्रकात कामं घेण्याची पद्धत आहे, एका कामाला पाच लाखांपर्यंत. कट्टा, पाराची दुरुस्ती, दिवे, झेब्रा उचलणं अशी कामं त्यात बसतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना सोबत फोटो आणि वहीतले आकडे जोडा. नुसतं ‘सुशोभीकरण’ लिहिलेला अर्ज इतर शेकडो अर्जांत हरवतो.

देखभालीची अट टेंडरमध्येच यायला हवी. ठेकेदारानं किती वर्षं दुरुस्ती करायची, झाडांना पहिले दोन उन्हाळे पाणी कुणी घालायचं, तुटलेली फरशी किती दिवसांत बदलायची, हे लिहून घ्या. मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, विक्रेते आणि जवळच्या दोन-तीन सोसायट्या यांची पाच-सहा जणांची समिती करा आणि तिच्याकडे कनिष्ठ अभियंत्यांचा व मुकादमांचा संपर्क राहू द्या. पण या सगळ्याआधी, पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार व्हायच्या आत, अभियंत्यांना एकदा संध्याकाळी सहा वाजता चौकात बोलवा आणि कोपऱ्यांच्या नव्या रेषा त्यांच्यासमोर खडूनं रस्त्यावर आखून घ्या. टेंडर निघाल्यावर कारंज्याची बाब काढून कट्ट्याची घालायची झाली, तर नव्यानं मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात वर्ष जातं.